'मदरबोर्ड गेला' याला निदान म्हणू नका

दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, बंद पडलेला जुना लॅपटॉप घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला मोजमापाआधीच निकाल ऐकावा लागतो : "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." त्या बाजारांत मल्टिमीटर हाती धरून अर्ध्या तासात दोष शोधणारे अस्सल कारागीर आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती न मोजता निकाल देण्याच्या रिवाजाविषयी, आणि मोजणेच अवघड करून ठेवणाऱ्या कंपन्यांविषयी.

वास्तविक हा दोष शोधणे म्हणजे बारावीच्या भौतिकशास्त्राचा विस्तार आहे. वीज तीन ठिकाणी अडू शकते : अडॅप्टरमध्ये, बॅटरीत किंवा बोर्डावर. प्रथम अडॅप्टर काढून पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. याला दमडीही लागत नाही. मग बॅटरी वेगळी करून केवळ अडॅप्टरवर यंत्र सुरू करावे. सुरू झाले, तर बोर्ड जिवंत आहे. 'मदरबोर्ड गेला' हे विधान तेथेच खोटे ठरते.

यंत्र अडॅप्टरवर चालते, पण बॅटरी भरत नाही, शिवाय संगणक विलक्षण मंदावला आहे, अशी तक्रार असेल तर अडॅप्टरवर संशय घ्यावा. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते; तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख सांगतो. तिची तार तुटली की १९.५ व्होल्ट व्यवस्थित मिळत असूनही लॅपटॉप चार्जिंग नाकारतो आणि प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो. अशा वेळी लोक नवी बॅटरी विकत घेतात! टाइप-सीची कथा निराळी : तेथे पुरवठा ५ व्होल्टांपासून सुरू होतो आणि वाटाघाटीने २० व्होल्टांपर्यंत चढतो. मोबाइलचा चार्जर ती पायरी गाठू शकला नाही, तर लॅपटॉपचा काय अपराध?

आता बॅटरी. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' आज्ञेने बॅटरीचा अहवाल मिळतो, लिनक्समध्ये 'अपॉवर'ने. त्यात दोन आकडे पाहावेत : मूळ क्षमता आणि आजची पूर्ण-भार क्षमता. ४८ वॉट-तासांची बॅटरी २० वर आली असेल, तर तिचे आयुष्य कोठे पोहोचले आहे ते सांगायला ज्योतिषी नको. ४० टक्के दाखवून यंत्र अचानक विझत असेल, तर दोन शक्यता राहतात. एक, पेशींचा अंतर्गत रोध वाढल्याने भार पडताच व्होल्टता कोसळते. दुसरी, भार मोजणाऱ्या चिपचा हिशेब चुकला आहे. दुसरा दोष एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून पुष्कळदा सुटतो. पहिला सुटत नाही. फुगलेली बॅटरी मात्र दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज तर मुळीच करू नये.

हाच धोका पुढे करून काही कंपन्या परक्या बॅटरीची ओळख पटली नाही की चार्जिंग नाकारतात. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. पण भारतात अशा पेशींना आणि अडॅप्टरांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ती नोंदणी असलेल्या बॅटरीलाही कुलूप लागत असेल, तर ते कोणाच्या हितासाठी? मूळ बॅटरी बाजारातून काढून घ्यायची आणि पर्यायी बॅटरीला दार बंद करायचे, याला सुरक्षा म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे.

ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्ती-हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठीच्या समितीचा अहवाल २०२५ मध्ये आला, पण त्याचा पहिला भर स्मार्टफोन व टॅब्लेटवर. लॅपटॉप का मागे? फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लागू केलेल्या निर्देशांकात लॅपटॉप प्रारंभापासून आहे. आणि युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. आपले २०२२ चे बॅटरी-कचरा नियम मेलेल्या बॅटरीचा हिशेब मागतात; ती खरोखर मेली होती का, हे कोणी विचारत नाही.

जुना लॅपटॉप विकणाऱ्याने बिलावर ते दोन आकडे छापावेत, एवढी तरी सक्ती आजच करता येईल. त्यासाठी ना नवे तंत्रज्ञान लागते, ना नवी समिती. तोवर, मित्रहो, पैसे देण्यापूर्वी दुकानातच तो अहवाल उघडायला लावा. दोन मिनिटेही लागत नाहीत. जो विक्रेता ती दोन मिनिटे देत नाही, त्याच्या शेजारी दुसरे दुकान असतेच.