आमचे आणि उरलेले



गेल्या महिन्यात इथे सेम्बावांगमध्ये आमच्या ब्लॉकजवळच्या मैदानावर मुलांचा टेनिस बॉल क्रिकेटचा सामना ठरला. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली : एका बाजूला 'मराठी', दुसऱ्या बाजूला 'बाकीचे'. त्या 'बाकीच्यां'मध्ये वसईच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा होता. त्याच्या घरी मराठीच बोलतात आणि माझ्या मुलापेक्षा त्याचे मराठी बरेच चांगले आहे. यादी करणाऱ्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आडनाव पाहिले आणि मोकळे झाले.

मला आजोबांकडून ऐकलेला एक सामना आठवला. डिसेंबर 1943, ब्रेबर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेची अंतिम फेरी : 'हिंदू' विरुद्ध 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. उरलेल्यांचा पहिला डाव 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या! तरीही हिंदू एक डाव आणि 61 धावांनी जिंकले.

हा पराक्रम आपण कौतुकाने सांगतो. पण हजारे 'उरलेल्यां'त का होते? ते सांगलीचे, मराठी, पण ख्रिस्ती. समोरच्या संघातही मराठी खेळाडू होतेच. एकाच शहरात, एकाच भाषेची माणसे दोन बाजूंना उभी होती, ती केवळ धर्मामुळे.

आणि 'हिंदू' संघात तरी सगळे सारखे होते का? पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण ते चांभार समाजाचे, म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळाले. एकदा कुंपण घालायची सवय लागली की आतही कुंपणे उभी राहतात.

कोणी म्हणेल, प्रेक्षक तर सगळ्यांनाच टाळ्या देत होते. खरे आहे. तरीही गांधीजींनी 1940 मध्ये धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध केला आणि 1946 नंतर ही स्पर्धा झाली नाही.

चुरस हवीच, तिच्याशिवाय खेळात मजा नाही. आमच्या भागाचा सेम्बावांग रेंजर्स हा फुटबॉल संघ 1996 ते 2003 एस-लीगमध्ये होता. शेजारचा वूडलँड्स वेलिंग्टनही त्याच लीगमध्ये होता. अशा चुरशीत घर बदलले की माणूस बाजूही बदलू शकतो. जन्म मात्र बदलता येत नाही.

परदेशात आपण स्वतः अल्पसंख्य आहोत. फॉर्मवरच्या 'इतर' या चौकोनात खूण करताना कसे वाटते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मग तोच चौकोन दहा वर्षांच्या मुलासाठी आपणच का आखावा?

मी त्या गृहस्थांना फोन केला. "इतकं काय मनावर घेता?" असे ते म्हणाले, पण शेवटी संघ ब्लॉक नंबरप्रमाणे, सम आणि विषम असे पाडले. सामना झाला. माझा मुलगा हरला आणि दोन दिवस फुगून बसला. यात काही बिघडले असे मला तरी वाटत नाही.

पुढची यादी कदाचित आपल्यापैकी कोणी करेल. त्यात 'बाकीचे' हा शब्द आला, तर क्षणभर थांबून पाहावे, एवढीच विनंती.