पिस्तुलाचा परवाना आणि कायद्यातल्या पळवाटा



गेल्या दोन वर्षांत तुमच्याही लक्षात आलं असेल. सुपरमध्ये रांगेत उभे राहा, कुपात होलीममध्ये नंबराची वाट बघत बसा, नाही तर शाब्बाथला सिनेगॉगमध्ये जा, पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असतं. पूर्वीही दिसायचं, पण ते शोमेरचं, नाही तर सुट्टीवर आलेल्या शिपायाची खांद्यावरची लांब बंदूक. आता चष्म्याच्या दुकानातला पोरगासुद्धा पिस्तूल लावून नंबर तपासतो.

आपण मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबागकडून आलेली माणसं. तिकडे हवालदाराच्या हातात दांडका असायचा आणि पिस्तूल फक्त सिनेमात, प्राणच्या हातात. त्यामुळे इथला कायदा काय सांगतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी नीट विचारलंच नाही. मी विचारलं, कारण माझ्याच घरात ते दोनदा आलं.

इस्राएल अमेरिकेसारखा नाही, हे आधी स्पष्ट करतो. इथे पिस्तूल बाळगणं हा कुणाचा हक्क नाही. 1949 च्या शस्त्र कायद्याखाली ती परवानगी आहे. कारण दाखवावं लागतं: लष्करातली सेवा, धोक्याच्या गावात राहणं, नोकरी. साधारणपणे एका माणसाला एकच पिस्तूल. डॉक्टरच्या सहीचं आरोग्याचं निवेदन लागतं, पोलिसांचं मत घेतात, मितवाखवर जाऊन नेम धरायचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि घरात शस्त्र ठेवायला कासेफेत, म्हणजे लोखंडी तिजोरी हवी. कागदावर हा कायदा चांगला कडक आहे. अडचण कायद्याच्या शब्दांत फारशी नाही, ती आहे ऑफिसपासून घरापर्यंतच्या वाटेवर.

पहिली गोष्ट माझीच सांगतो. कारखाना बंद पडल्यावर, पंचावन्नाव्या वर्षी मला शाळेच्या फाटकावर शोमेरचं काम मिळालं. दुसऱ्या इंतिफादाचे दिवस. शाळा, कॅफे, बँक, सगळीकडे शोमेर हवे होते, आणि आपल्या समाजातल्या कितीतरी पुरुषांनी तेव्हा हे काम केलं. पिस्तूल कंपनीचं, परवाना कंपनीच्या नावावर. संध्याकाळी काम संपलं की ते कुठं ठेवायचं? शस्त्रं ठेवायची खोली करायची म्हणजे कुलपं आली, नोंदवही आली, रात्री ती सांभाळायला एक माणूस आला. एवढा खर्च कोण करणार? मॅनेजर म्हणाला, "घरी ने." मी नेलं. आमच्या बायकोच्या साड्यांच्या खाली ते कित्येक वर्षं झोपलं. देवाच्या दयेने आमच्याकडे काही झालं नाही.

सगळ्यांचं तसं झालं नाही. हैफातल्या काही स्त्रियांनी 2010 च्या सुमारास एक मोहीम सुरू केली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं पिस्तूल'. त्यांनी वर्तमानपत्रं चाळून एकेक प्रकरण मोजलं. 2002 पासून दहा-अकरा वर्षांत शोमेरनी घरी नेलेल्या पिस्तुलांनी तीसच्या वर माणसं मारली गेली होती. त्यात शोमेरच्या बायका आणि घरातली माणसं बरीच. नोकरीचं पिस्तूल नोकरीच्या जागीच राहावं असं कायदा आधीपासून सांगत होता. पण सूट इतकी सढळ दिली जात होती की सूट हाच नियम झाला होता. पळवाट म्हणतात ती हीच.

मग 2013 चा मे महिना आला. बेरशेबात एका बँकेत एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलाने चार जणांना ठार केलं. तिथे आपले लोक पुष्कळ, त्या दिवशी कितीतरी घरांत फोन खणखणले असतील. त्या उन्हाळ्यात मंत्री अहारोनोविच यांनी हुकूम काढला: शोमेरांनी काम संपल्यावर पिस्तूल कामावरच ठेवायचं, आणि खाजगी परवानेवाल्यांनी घरात तिजोरी ठेवायची. नवीन कायदा करावा लागला नाही. जो होता तो अमलात आणला. कंपन्यांनी आरडाओरडा केला, पण कपाटं बसवली. घरी नेलेल्या पिस्तुलांनी होणारे ते खून थांबले.

नोव्हेंबर 2014 मध्ये यरुशलेमला हार नोफच्या सिनेगॉगमध्ये सकाळच्या प्रार्थनेत लोकांना कापलं. दोन-तीन दिवसांत त्याच मंत्र्याने तोच नियम सैल केला आणि शोमेरची पिस्तुलं पुन्हा घरी जायला लागली. मी त्याला दोष देत नाही. त्या दिवशी मीही म्हटलं असतं, सगळ्यांना शस्त्र द्या. पण आपल्याकडे असं होतं की भीतीच्या दिवशी दिलेली सूट, भीती कमी झाल्यावर परत घ्यायला कुणी येत नाही.

कुणी म्हणेल, माणसाला जे करायचं ते तो कसंही करणारच, पिस्तूल कपाटात ठेवून काय फरक पडतो? याचं उत्तर आपल्या लष्करानेच दिलं आहे, आणि मला वाटतं या सगळ्या वादात त्याहून मोठा पुरावा नाही. लष्करात तरुण शिपाई आपला जीव घेत होते, आणि त्यातले बरेच शाब्बाथच्या सुट्टीला घरी आल्यावर, बरोबर आणलेल्या बंदुकीने. 2006 मध्ये लष्कराने ठरवलं की सुट्टीला जाताना बंदूक तळावरच ठेवायची. एवढंच. पुढच्या काळात आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या. वर्षाला 28 च्या आसपास होत्या, त्या 16-17 वर आल्या. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण कमी झाल्या त्या सुट्टीच्या दिवसांतल्या. कामाच्या दिवसांत फारसा फरक नाही. म्हणजे पोरांनी दुसरा मार्ग शोधला नाही, सोमवारपर्यंत वाटही बघितली नाही. ती वाईट रात्र निघून गेली आणि पोरगं जगलं.

आता 7 ऑक्टोबर 2023 नंतरचं. त्याआधी देशात खाजगी परवाने दीड लाखाच्या आसपास होते. बेन ग्वीर यांच्या खात्याने अटी सैल केल्या आणि मार्च 2024 पर्यंत लाखाच्या वर नवे परवाने दिले. गोळ्यांची मर्यादा 50 वरून 100 केली. समोर बसवून होणारी मुलाखत फोनवर होऊ लागली. आणि 2023 च्या अखेरीस क्नेसेतच्या समितीपुढे काय निघालं? मंत्र्यांच्या ऑफिसातली माणसं आणि इतर तात्पुरते लोक थोड्याशा शिक्षणावर परवाने मंजूर करत होते. परवाना विभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. ज्यांनी नकार द्यायचा असतो त्यांच्याच जागी, लवकर हो म्हणणारी माणसं बसवली होती.

फोनवर काय कळतं? समोर बसलेल्या माणसाचे हात थरथरतात, तोंडाला दारूचा वास येतो, ते अनुभवी कारकुनाला कळतं. फोनवर त्याची बायको शेजारी बसली आहे की दुसऱ्या खोलीत रडते आहे, कळणार नाही.

आणि आरोग्याचं निवेदन घ्या. डॉक्टर सही करतो ती त्या दिवसाची. कायद्याने डॉक्टर आणि मानसतज्ज्ञांवर धोका दिसला तर कळवायची जबाबदारी टाकली आहे, पण माणूस डॉक्टरकडे गेला तर ना! 2023 च्या शेवटी परवाना घेतलेला पोरगा तेव्हा ठणठणीत होता. मग तो गाझात तीन वेळा मिलुईम करून आला. आता रात्री झोपत नाही, दार आपटलं तरी उडतो. परवाना तोच, पिस्तूल तेच, निवेदनावरची सहीही तीच. परवाना हातात असताना मध्येच कुणी विचारत नाही. आपल्या वयाच्या लोकांचंही तेच आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा परवाना, बायको गेली, मुलं दूर, विसरायला होतं, आणि कपाटात पिस्तूल. अशा घराची चौकशी कोण करतं?

दुसरी बाजू मी नाकारत नाही. यरुशलेमच्या प्रवेशावर, 30 नोव्हेंबर 2023 ला बस थांब्यावर हल्ला झाला तेव्हा एका साध्या नागरिकाने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या आणि माणसं वाचवली. मग एका शिपायाने त्यालाच अतिरेकी समजून ठार केलं. दोन्ही गोष्टी एका मिनिटात घडल्या. ज्यांना पिस्तूल हवं त्यांना पहिली आठवते, ज्यांना नको त्यांना दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. म्हणून मी परवाने बंद करा असं म्हणत नाही. लोदमध्ये राहणाऱ्या माणसाला मी काय तोंडाने सांगू? आणि देशातले बहुतेक खून बिनपरवाना शस्त्रांनी होतात हेही खरं. 2023 मध्ये अरब समाजात दोनशेच्या वर माणसं मारली गेली. पण त्या बाजारात चोरीचा माल येतो, आणि चोराला साड्यांखालचं पिस्तूल तिजोरीतल्यापेक्षा सोपं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. शोमेरचं पिस्तूल कामावर राहावं, 2013 ला जमलं ते आताही जमेल. मुलाखत समोर बसवून व्हावी. परवान्याच्या मध्येही एकदा तब्येत विचारावी, मिलुईमहून आलेल्याला तर नक्कीच. आणि तिजोरी खरोखर भिंतीला आहे का, हे कुणीतरी दार वाजवून बघावं.

आमच्याकडे ते दार मीच वाजवलं. नातवाने नवा परवाना काढला आणि शुक्रवारी रात्री किद्दुशच्या आधी पिस्तूल फ्रिजवर ठेवलं. खाली त्याच्या बहिणीचं चार वर्षांचं पोर धावत होतं. मी काही बोललो नाही, जेवण झाल्यावर विचारलं, कासेफेत कुठं आहे? म्हणाला, "सबा, पुढच्या महिन्यात." म्हटलं, मग तोवर इथे येताना रिकाम्या कमरेने ये, नाही तर येऊ नकोस. आमची ही माझ्यावर रागावली, दोन शाब्बाथ तो आला नाही. तिसऱ्याला आला. मामादमध्ये तिजोरी बसवली म्हणाला, फोनवर फोटो दाखवला, चार बोल्ट आहेत. आकडा त्याने मला सांगितला नाही, मी विचारलाही नाही.