सरासरीने झाकलेला कर्नाटक

2014 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन निलेकणी यांना दक्षिण बंगळूरमधून उभे केले. बसवनगुडीसारखी जुनी, सुशिक्षित वस्ती ज्या मतदारसंघात आहे, तो तरी माहिती तंत्रज्ञानाच्या यशाला कौल देईल, असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात भाजपचे अनंतकुमार सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. या निकालात मोदी लाटेचा वाटा मोठा होता, हे मान्य केले तरी निर्यातीतून आलेली समृद्धी मतपेटीत आपोआप उतरत नाही, हे त्यातून दिसलेच. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, त्या जिल्ह्यांचा प्रश्न तर याहून बिकट आहे.

1898 च्या प्लेगनंतर वसवलेल्या बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी माल घेऊन येतात आणि शहराचा पैसा गावाकडे जातो. सॉफ्टवेअरच्या निर्यातीला असा ग्रामीण पुरवठादार लागत नाही. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उपग्रहामार्फत बंगळूरमधून काम सुरू केले. पुण्यात 1981 साली स्थापन झालेली इन्फोसिस त्याआधीच, 1983 मध्ये, येथे आली होती. पुढे सॉफ्टवेअर पार्क आले आणि निर्यातीवरील नफ्याला 2011 पर्यंत प्राप्तिकरातून सूट मिळाली. या उद्योगाने मागासलेल्या जिल्ह्यांतून कच्चा माल घेतला नाही, पदवीधर तेवढे घेतले. त्यांचे पगार खर्च झाले ते बंगळूरच्या घरबांधणीत, दुकानांत आणि वाहतुकीत.

मग निर्यात मागास जिल्ह्यातूनच झाली तर? त्याचेही उत्तर कर्नाटकाकडे आहे. चीनच्या मागणीमुळे बळ्ळारीचे लोहखनिज परदेशी जाऊ लागले, तेव्हा 2009 पर्यंत सरकारला त्यावर टनामागे काही रुपयेच स्वामित्वधन मिळत होते. खनिज कच्चेच बंदराकडे गेले; जिल्ह्याच्या वाट्याला उखडलेले रस्ते आणि धूळ आली. नफ्यातून मात्र राजकारण उभे राहिले. 2010 मध्ये राज्याने निर्यात थांबवली. 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम रोखले.

डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये राज्यातील 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले होते. त्यांतील 39 अतिमागास, आणि या 39 पैकी 21 एकट्या गुलबर्गा विभागात. निजामाच्या राज्यात याच प्रदेशाचा शेजारी असलेल्या मराठवाड्याला ही कहाणी नवी वाटू नये. मुंबई-पुण्याच्या भरभराटीत त्याचे दुखणे असेच झाकले जाते.

दिल्लीच्या हिशेबात ही विषमता उलटी फिरते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी केंद्रीय करांचे वाटप ठरवताना दरडोई उत्पन्नातील तफावतीला 45 टक्के भार दिला. बंगळूरमुळे कर्नाटकाची सरासरी फुगलेली असल्याने राज्याचा वाटा 4.713 टक्क्यांवरून 3.647 टक्क्यांवर आला. निर्यातीने यादगीरला फारसे काही दिले नाही, परंतु तिने वाढवलेल्या सरासरीची किंमत यादगीरलाही मोजावी लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मंत्रिमंडळासह जंतरमंतरवर धरणे धरले, त्यामागे हे गणित होते. मात्र बंगळूरचा पैसा कलबुर्गीकडे किती वळतो, हा प्रश्न त्या मंडपात कोणी विचारला असता तर पंचाईत झाली असती.

2012 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 371-जेमुळे या भागाला शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत आरक्षण मिळाले. खासगी निर्यातदार कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. जुलै 2024 मध्ये सरकारने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक मंत्रिमंडळात संमत केले आणि उद्योगांनी ओरड करताच ते स्थगित ठेवले. त्यातही भेद होता तो कन्नडिग आणि परप्रांतीय असा. बंगळूर आणि कलबुर्गी असा नव्हे.