संस्कार रात्री उठत नाहीत

म्हातारपणावर लेख लिहायचा तर आपल्याकडे फारशी तयारी लागत नाही. कायदा वाचायला नको, आकडे बघायला नकोत, कुणाचं अंथरूण बदलायला तर नकोच नको. 'संस्कार' हा शब्द पहिल्या ओळीत लिहिला की पुढचा लेख आपोआप उतरत जातो. असाच एक लेख नुकताच एका रविवार पुरवणीत वाचला. लेखक निवृत्त अधिकारी आहेत, व्यासंगी आहेत, व्याख्यानांना त्यांना मागणीही बरीच आहे. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. प्रत्येक व्याख्यानमालेत एक दिवस या मतासाठी राखून ठेवलेला असतो.

महाशयांचं म्हणणं थोडक्यात असं. विरंगुळा केंद्रं, वृद्धांची दिवसभराची सांभाळघरं, हेल्पलाइन, घरी येणारी नर्स, पेन्शनी, सवलती हे सगळं पश्चिमेचं खूळ आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंब होतं तोवर यातलं काही लागत नव्हतं. समाजाने म्हाताऱ्यांचा भार उचलला की मुलं हात झटकून मोकळी होतात. शिवाय त्या केंद्रांत चालतं काय, तर टाळ्या, वाढदिवस आणि सहली. त्यावर करदात्यांचा पैसा का उधळायचा? म्हाताऱ्या माणसांना सेवा नको, प्रेम हवं. लेखाच्या शेवटी एक नातू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी जातो. आजीची मांडी दुखते का, हे लेखकाने तिला विचारलेलं नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. खूळ पश्चिमेचं म्हणून टाकायचं असेल तर महाशयांचं निवृत्तिवेतनही इंग्रजी अमदानीतलंच. ते दर महिन्याला तिजोरीत परत भरत असल्याचं ऐकिवात नाही. करदात्यांच्या पैशाबद्दल सांगायचं तर केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरीब माणसाला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात आणि ऐंशीनंतर ५००. ही उधळपट्टी असेल तर काटकसर कशाला म्हणायचं ते त्यांनी सांगावं. आणि प्रेमाबद्दल वाद नाही, पण प्रेमाने मोतीबिंदू निघत नाही.

आता एकत्र कुटुंब. या एका मुद्द्यावर सगळी इमारत उभी आहे, तेव्हा इथे जरा थांबायला हवं.

पहिली गोष्ट, त्या सुवर्णकाळात म्हातारी माणसं होती किती? १९६१च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं देशभरात अडीच कोटींच्या आत होती. २०११मध्ये ती दहा कोटी अडतीस लाखांवर गेली. आणि बदल नुसत्या संख्येत झालेला नाही. पूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला माणूस फार दिवस काढत नसे. खुब्याचं हाड मोडलं की घरचे मनाची तयारी करू लागत. आता रक्तदाबाची गोळी आहे, स्टेंट आहे, डायलिसिस आहे, खुब्याचा सांधा बदलता येतो. माणूस जगतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तो दहा-पंधरा वर्षं मधुमेह, विस्मरण, बहिरेपण आणि लघवीवर ताबा नसणं यांच्यासह जगतो. एवढं लांब आणि एवढं परावलंबी म्हातारपण त्या एकत्र कुटुंबांपैकी फार थोड्यांनी पाहिलं होतं. जी परीक्षा त्यांनी दिलीच नाही, तिच्यात त्यांना पहिला नंबर देऊन आपण बसलो आहोत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'कुटुंब सांभाळायचं' या वाक्यातलं कुटुंब म्हणजे कोण? सगळेजण पाळीपाळीने सांभाळत होते का? सासऱ्यांचं धोतर कोण धूत होतं? सासूबाईंना रात्री दोनदा न्हाणीघरापर्यंत कोण नेत होतं? पथ्याचं वेगळं कोण शिजवत होतं, आणि ते 'अळणी आहे' म्हणून सरकवलेलं ताट मुकाट्याने कोण उचलत होतं? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती थोरली सून होती, नाहीतर धाकटी, नाहीतर माहेरी परत आलेली विधवा आत्या, जिच्या श्रमाची किंमत दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी एवढी होती. मुलगा संध्याकाळी येऊन 'काय बाबा, कसं आहे?' म्हणे. श्रावणबाळ म्हणून नाव त्याचंच होई. महाशय ज्या व्यवस्थेच्या आठवणीने गहिवरतात ती एका बाईच्या पाठीच्या कण्यावर उभी होती. त्या बाईला कधी व्याख्यानाला बोलावल्याचं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं जुनं झालं, असंही नाही. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०१९मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. या देखभालीत लहान मुलंही आली, हे मान्य. पण लहान मूल दर वर्षी थोडं हलकं होत जातं आणि म्हातारा माणूस दर वर्षी थोडा जड.

कायदाही बघा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण याबद्दलचा २००७चा कायदा आहे. त्यात निर्वाहाची जबाबदारी ज्या अपत्यांवर टाकली आहे त्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात तिला आणि जावयालाही आत घेण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे जी कायद्याच्या कागदावर नव्हती, ती बेडपॅन घेऊन मात्र कायम हजर होती. आता तिचं वयही वाढलं आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत पासष्टीची सून नव्वदीच्या सासूला उचलते. दोघीही सरकारदरबारी ज्येष्ठ नागरिक. त्या दोघींना मिळून एकही सेवा नको, असं महाशयांना म्हणायचं आहे का? की धाकटीने संस्कार लावून उचलायचं आणि थोरलीने प्रेमाने उचलून घ्यायचं?

घरात माणूस ठेवावं, असा एक सल्ला त्यांनी जाता जाता दिला आहे. ब्युरोकडे फोन करून पाहावा. बारा तासांची बाई आणि चोवीस तासांची बाई यांचे दर ऐकले की संस्कार आपोआप मध्यमवर्गाच्याही वर सरकतात. आणि ती बाई स्वतःच्या सासूला कुणाच्या भरवशावर सोडून येते, हा प्रश्न कुठल्याच पुरवणीत येत नाही.

या सगळ्याला 'नटसम्राट'चा आधार देण्याची एक रीत आहे. महाशयांनीही ती पाळली आहे. अप्पासाहेब बेलवलकर आले की मुलं कृतघ्न ठरतात आणि पुढे बोलणंच संपतं. पण नाटकात अप्पासाहेब आधी करतात काय? असेल नसेल ते मुलांना वाटून देऊन मोकळे होतात. नाटक रंगभूमीवर आलं १९७०मध्ये. त्यांच्यासारख्यांची सोय कायद्याने केली ती २००७मध्ये: कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर म्हाताऱ्याला ती परत मागता येते. सदतीस वर्षं आपण प्रेक्षागृहात रुमाल ओले करत होतो. रडण्याने बेलवलकरांना छप्पर मिळालं नाही. मिळालंच तर एका रुक्ष कलमाने आणि प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाने मिळेल. तेही अपुरंच आहे. कायद्यात निर्वाहाच्या रकमेवर महिन्याला १०,०००ची कमाल मर्यादा आहे.

हा वाद आम्ही एकदा घालून बसलो आहोत. पाळणाघरं निघाली तेव्हा हेच सूर होते. आई जिवंत असताना पोर परक्या बाईकडे? घराघरातली माया आटणार, मुलं वाया जाणार, संस्कृती बुडणार. पाळणाघरात वाढलेली ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतली काही आज आईवडिलांना घेऊन दवाखान्यांच्या रांगेत उभी असतात, काही फोनही करत नाहीत. घरीच वाढलेल्यांचंही तसंच आहे. संस्कृती बुडाल्याची खबर अजून आलेली नाही. पण भाकीत खोटं ठरलं म्हणून भाकीत करणाऱ्याचं दुकान बंद होत नाही. तो पाटी बदलून पाळणाघराऐवजी विरंगुळा केंद्राकडे बोट दाखवतो.

सेवा दिल्या की मुलं हात झटकतात, हा उरलेला आक्षेप. याचं उत्तर केरळात आहे. १९९३मध्ये कोझिकोडेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असह्य वेदना असलेल्या रुग्णांसाठी एक दवाखाना सुरू झाला. त्यातून गावोगावी शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी यांनी प्रशिक्षण घेतलं आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. २००८मध्ये राज्य सरकारने या सेवेचं धोरण केलं आणि पंचायतींनी नर्स घरी पाठवायला सुरुवात केली. यात रुग्ण घरातच राहतो आणि घरच्यांकडूनच सेवा घेतो. नर्स येते ती त्यांना बेडसोअरची जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची हे शिकवायला. केरळी मुलांनी हात झटकले नाहीत, त्यांना हात कुठे लावायचा ते कळलं. २०११च्या जनगणनेत तिथे साठीपुढचे १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. म्हणजे ते आपल्या पुढे आहेत ते वयातही आणि शहाणपणातही. आपल्याला त्यांचं वय गाठायला उशीर नाही, बाकीचं आपणच बघायचं आहे.

विरंगुळा केंद्रांची महाशयांनी केलेली थट्टा मात्र मी पुढे नेणार आहे, कारण ती त्यांनी फारच सौम्य केली. टाळ्यांना माझा आक्षेप नाही. ऐंशीव्या वर्षी हसावंसं वाटणं हा गुन्हा नव्हे. माझा आक्षेप वेगळा आहे. ही केंद्रं ज्यांचे गुडघे चालतात त्यांच्यासाठी आहेत. कितीतरी केंद्रं पहिल्या मजल्यावर असतात, लिफ्ट नसते, शौचालय असलंच तर भारतीय बैठकीचं. कॅरम आणि वर्तमानपत्राभोवती बहुतेक पुरुष. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या बायका कुठे असतात? नातवाला क्लासला सोडायला. ज्याला खरी गरज आहे तो विस्मरणाचा रुग्ण दारात आला तर त्याला सांभाळायला तिथे कुणी नसतं. म्हणजे केंद्र फाजील लाड करतं ही तक्रार खोटी; ते पुरेसं काही करत नाही, ही खरी.

मग करायचं काय? यादी मोठी नाही.

शहरात प्रत्येक प्रभागात तळमजल्यावर एक दिवसभराचं केंद्र हवं. घरून नेणारी-आणणारी गाडी, दोन प्रशिक्षित मदतनीस, कमोड, दुपारचं साधं जेवण. चालता न येणाऱ्यालाही तिथे प्रवेश हवा. किंबहुना त्यालाच आधी. सांभाळणाऱ्या बाईला वर्षातून काही दिवस सुट्टी मिळेल एवढ्या खाटा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात राखून ठेवता येतील. आशाताई आणि उपकेंद्राची नर्स गावात फिरतातच. त्यांच्या कामात खिळलेल्या रुग्णाच्या घरची फेरी घालावी आणि त्या फेरीचे वेगळे पैसे द्यावेत.

खेड्यांतली गोष्ट पैशापासून सुरू होते. श्रावणबाळ योजनेत राज्य सरकार महिन्याला १,५०० रुपये देतं, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला १,७५०. इतक्यात कुठलं कुटुंब जगतं ते तहसीलदारालाही माहीत आहे आणि दाखला देणाऱ्या तलाठ्यालाही. ती मर्यादा आधी वाढवावी. पंचाहत्तरीनंतर एसटीचा मोफत प्रवास २०२२पासून आहे. त्यावरही 'फुकटे फिरतात' म्हणून नाकं मुरडली गेली. तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी आणि येताना लेकीचं तोंड बघणारी म्हातारी फिरत असेल तर फिरू द्या. हेल्पलाइनही आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. म्हातारी माणसं रात्री साडेआठनंतर पडणार नाहीत, अशी हमी कुणी दिली ते कळायला मार्ग नाही.

हे झालं तर सगळे प्रश्न सुटतील असा माझा दावा नाही. एकटेपणावर खात्याचा आदेश चालत नाही. पण दुपारचे चार तास मोकळे मिळालेली सून संध्याकाळी सासूशी दोन शब्द नीट बोलते. महाशयांना हवं असलेलं प्रेम त्या दोन शब्दांत जास्त असण्याची शक्यता आहे. तोवर संस्कारांची व्याख्यानं अवश्य होऊ द्यावीत. फक्त ज्या सभागृहात ती होतात त्याच्या पायऱ्यांवर आयोजकांनी आधी एक रॅम्प बांधावा, आणि श्रोत्यांत घरी कुणाला तरी सांभाळायला ठेवून आलेले किती, हे वक्त्यांनी हात वर करायला सांगून मोजावं.