विजेरी की बंदूक?

२००४ सालच्या ऑगस्ट महिन्यात 'डूम ३' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि तो खेळणाऱ्या मंडळींत एका अगदी साध्या प्रश्नावरून भांडण जुंपले. मंगळ ग्रहावरचा एक संशोधन-तळ. तिथले बरेचसे दिवे गेलेले आहेत आणि उरलेले लुकलुकत आहेत. कोपऱ्याकोपऱ्यात राक्षस दबा धरून बसले आहेत. खेळणाऱ्यापाशी एक बंदूक आहे आणि एक विजेरी आहे, म्हणजे आपण घरी जिला बॅटरी म्हणतो ती. परंतु दोन्ही एकाच वेळी हाती धरता येत नाहीत. विजेरी काढली की बंदूक खाली जाते आणि बंदूक उचलली की अंधार होतो.

कथा २१४५ सालची. मंगळापर्यंत पोचलेल्या माणसाला बंदुकीच्या नळीला विजेरी बांधायला वीतभर चिकटपट्टी मिळू नये, हे काय गौडबंगाल, असा लोकांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. लोक नुसती तक्रार करून थांबले नाहीत. एका हौशी जाणकाराने बंदुकीला विजेरी जोडून देणारी पुरवणी तयार केली आणि तिचे नावच 'डक्ट टेप', म्हणजे चिकटपट्टी, असे ठेवले. ती हातोहात पसरली. पुढे २०१२ साली याच खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा खुद्द निर्मात्यांनीच माघार घेऊन विजेरी सैनिकाच्या चिलखतावर बसवली. झाले, वाद मिटला.

माझ्या मते तो चुकीच्या बाजूने मिटला, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकात कशाला, असे काहींना वाटेल. आपण नाटकाच्या प्रकाशयोजनेवर बोलतो, रेम्ब्रांच्या चित्रातल्या काळोखावर वर्गात चर्चा करतो. मग जिथे आपली निम्मी अधिक पिढी रोज तासन्‌तास हिंडते त्या जागांतल्या उजेडाविषयी बोलायला हरकत नसावी. शिवाय एक मोठा फरक आहे. नाटकात प्रेक्षक खुर्चीला खिळलेला असतो. प्रकाशयोजनाकार ज्या नटावर झोत टाकील तिकडेच त्याने पाहायचे. खेळात प्रेक्षक स्वतःच रंगमंचावर उतरलेला असतो. मान वळवणे त्याच्या हाती, पाऊल टाकणे त्याच्या हाती, आणि पुष्कळदा दिवाही त्याच्याच हाती. खेळातल्या अशा एकेका स्थळाला लेव्हल म्हणतात. ती रचणाऱ्याला आपली सारी प्रकाशयोजना एका अनोळखी, उतावळ्या आणि कुठेही भटकू शकणाऱ्या माणसाच्या भरवशावर सोडावी लागते.

या प्रकाशाची जातकुळीही पाहण्यासारखी आहे. १९९३ सालच्या पहिल्या 'डूम'मध्ये सावली अशी नव्हतीच. नकाशाचे तुकडे पाडलेले असत आणि प्रत्येक तुकड्याला ० ते २५५ यांमधला उजेडाचा एक आकडा दिलेला असे. उजळ दालन संपून काळोखे दालन सुरू होई ते सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेवर. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्या मंडळींनी लुकलुकणारे दिवे केले, नको ती वस्तू उचलताच दिवे घालवून भिंती सरकवल्या आणि लोकांना खुर्चीतून उडवले. १९९६ सालच्या 'क्वेक'मध्ये रचनाकार दिवे मांडून ठेवी, संगणक आधीच बसून त्यांच्या उजेडाचा हिशेब करी आणि तो भिंतींवर जणू रंगवून ठेवी. भिंतीवरचा उजेड सुंदर दिसे; पण हलत्या माणसाची खरी सावली त्यावर पडत नसे.

'डूम ३'ने ती पाडून दाखवली. तिथे उजेडाचा हिशेब क्षणोक्षणी होतो. दिव्यापुढून काही सरकले की समोरच्या भिंतीवर त्याची काळी आकृती सरकते. मात्र या हिशेबात एक गोष्ट नव्हती. आपल्या खोलीत उजेड एका भिंतीवरून दुसरीवर उडतो, म्हणून टेबलाखालीही थोडेफार दिसते. हे उडणे त्या काळी गणितात बसवणे परवडणारे नव्हते. परिणामी जिथे दिव्याचा किरण थेट पोचत नाही तिथे 'डूम ३'मध्ये ठार काळोख असतो. म्हणजे ज्या अंधाराची लोकांना धास्ती वाटली, तो काही अंशी यंत्राच्या दुबळेपणातून आलेला होता! यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९९९ सालच्या 'सायलेंट हिल'मधले ते प्रसिद्ध धुकेही असेच. प्लेस्टेशनला दूरवरचे गाव चितारणे झेपत नव्हते, ते झाकायला धुके घातले, आणि त्या गावाची सारी कळा त्या धुक्यात आहे. अडचणीतून शैली निघते, हे कलेच्या अभ्यासकांना मी नव्याने सांगायला नको.

तेव्हा अंधार कुठून आला हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. त्या अंधारात खेळणाऱ्याने करायचे काय, यावर वातावरण उभे राहते किंवा कोसळते. याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा १९९८ सालचा खेळ.

'थीफ'चा नायक गॅरेट हा चोर आहे. लढाईत तो सुमारच. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याची धडगत नाही. त्याचे खरे बळ काळोख. पडद्याच्या तळाशी मधोमध एक मणी असतो. आपण उजेडात उभे असलो तर तो चकाकतो, काळोखात शिरलो की विझतो. बस्स, एवढेच. पण या एवढ्याशा मण्याने सारे जग उलटेपालटे होते. लहानपणापासून आपल्याला उजेड सुरक्षित आणि अंधार धोक्याचा हे पाठ असते. इथे दिव्याखालची चार हात जागा ओलांडताना छातीत धडधडते आणि पलीकडच्या कोनाड्यातल्या काळोखात शिरल्यावर घरी आल्यासारखे वाटते. पहिल्याच कामगिरीत लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात शिरायचे असते. मशाल दिसली तर गॅरेटपाशी पाण्याचे बाण असतात, बाण सोडला की मशाल चर्र करून विझते. पण बाण मोजके. विजेचे दिवे मात्र पाण्याला दाद देत नाहीत. त्यात भर म्हणजे फरशीवर पाऊल वाजते, गालिचावर वाजत नाही. आता लेव्हल रचणाऱ्याची करामत पाहा: एका दालनात गालिचा पण वर दिवा, दुसऱ्यात काळोख पण खाली संगमरवर. कुठून जावे? पहारेकरी पाठमोरा होईपर्यंत थांबावे की एक बाण खर्चावा? सर्वांत कठीण पायरीवर खेळायचे तर कुणाला जिवे मारायचे नाही असाही दंडक असतो. अशा वेळी जिन्याखाली अंग चोरून बसलेला माणूस दिव्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मी कुठल्याही नाटकातल्या दिव्याकडे कधी पाहिलेले नाही.

२०१० सालच्या 'ॲम्निशिया : द डार्क डिसेंट' या स्वीडिश खेळाने यापुढे एक पाऊल टाकले. १८३९ साल, प्रशियातला एक किल्ला, आणि डॅनियल नावाचा स्मृती गमावलेला माणूस. हत्यार म्हणून काहीही नाही. अंधारात दडले तर पिशाच्चाला दिसत नाही, पण अंधारात फार वेळ राहिले की डॅनियलचे डोके फिरू लागते. भिंती वितळल्यासारख्या दिसतात. उजेडात यावे तर मन ताळ्यावर येते, पण आपण दिसतो. कंदील आहे, त्याचे तेल संपते. मेणबत्त्या पेटवायला चकमकपेट्या आहेत, त्याही मोजून. एकच काळोख आसराही देतो आणि वेडही लावतो. ही युक्ती इतकी साधी आहे की ती आधी कुणी का केली नाही याचे नवल वाटावे.

इथे एक गोष्ट आठवते. रात्री परसदारी किंवा गोठ्याकडे कंदील घेऊन गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की कंदिलाच्या वर्तुळात सारे स्वच्छ दिसते, पण त्यामुळेच वर्तुळाबाहेरचा काळोख दुप्पट दाट होतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि दिवा डोळ्याला ती सवड देत नाही. दिवा जवळ असणे म्हणजे सुखच, असे मुळीच नाही. चांगल्या खेळांना हे कळलेले असते.

आता पुन्हा 'डूम ३'कडे. चिकटपट्टीवाल्यांची बाजू मला पुरती मान्य होती. मी तो खेळ पहिल्यांदा खेळलो तो ती पुरवणी घालूनच. सुटीत दुसऱ्यांदा मूळ रूपात खेळलो आणि थक्क झालो. ते दार, तो जिना, तीच यंत्रांची घरघर. पण आता प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर मी थांबत होतो. विजेरीने आधी कोपरे पाहून घ्यायचे, कुठे काय आहे ते मनात नोंदवायचे, मग विजेरी ठेवून बंदूक उचलायची आणि त्या आठवणीच्या आधाराने आत शिरायचे. गोळी सुटते त्या लखाखाटात क्षणभर खोली दिसते आणि जाते. ही सारी दालने या एका अडचणीभोवती बेतलेली आहेत. विजेरी कायमची पुढे लावली की उरतो तो नेमबाजीचा एक बरा खेळ आणि जरा काळपट रंगवलेल्या भिंती. २०१२च्या आवृत्तीत नेमके हेच झाले. विजेरीची शक्ती थोड्या वेळाने संपून पुन्हा भरते अशी मेख त्यांनी ठेवली खरी, पण ती वाट पाहायला लावते, निवड करायला लावत नाही.

तरीही लोक चिडले ते उगाच नाही, आणि निर्मात्यांचा दोष मी झाकू इच्छित नाही. एक तर त्या निर्बंधाला त्यांच्या जगात कारण नव्हते. २०११ सालच्या 'डार्क सोल्स' या जपानी खेळात महाकायांची दफनभूमी म्हणून एक स्थळ आहे. तिथला काळोख 'डूम ३'पेक्षा तसूभरही कमी नाही. तिथेही कवटीचा कंदील हाती धरावा लागतो आणि त्यासाठी बहुधा ढाल सोडावी लागते. अडचण तीच! पण चिकटपट्टीची मागणी तिथे उठल्याचे माझ्या कानावर नाही. कारण त्या खेळात प्रत्येक वस्तू हातातच धरावी लागते, हा पहिल्या क्षणापासूनचा कायदा आहे. कंदिलापुरता तो निराळा केलेला नाही. कंदिलावाचून उजेड हवाच असेल तर मंत्र आहे, डोक्यावर घालायचा एक चमकता किडाही आहे, पण ते कष्टाने मिळवावे लागतात. मंगळावरच्या सैनिकाच्या बाबतीत असा कायदा कुणी सांगितलाच नाही. लेखकाने एका वाक्याची सबब दिली असती तरी माझ्या मते अर्धे भांडण मिटले असते.

दुसरा दोष अधिक गंभीर. 'डूम ३'मध्ये अंधाराचा अर्थ फार लवकर एकच होऊन बसतो: कोपरा काळा आहे, म्हणजे तिथे राक्षस आहे, आणि पुढचा मारला की मागची भिंत उघडून दुसरा येणार. दहा वेळा असे झाले की अकराव्या वेळी भीती वाटत नाही, कंटाळा येतो. विजेरी आणि बंदूक यांतली निवड अप्रतिम होती. पण तिच्यापुढे ठेवलेले प्रश्न तेच ते होते. लोकांनी राग काढला तो मात्र बिचाऱ्या विजेरीवर.

आणखी एका वादाला स्पर्श केला पाहिजे, कारण माझ्या खोलीत तो रोज होतो. पुष्कळ खेळ सुरुवातीलाच सांगतात की पडद्यावरचे चिन्ह जेमतेम दिसेल इतका ब्राइटनेस ठेवा. माझा शेजारी तो सरळ शेवटपर्यंत वाढवतो आणि भर दुपारी, खिडकी उघडी टाकून, 'ॲम्निशिया' खेळतो. त्याला किल्ल्याच्या भिंती राखाडी दिसतात, सारे स्वच्छ दिसते, आणि डॅनियल मात्र काही दिसत नाही म्हणून थरथरत असतो. खेळ आपल्या आतला अंधार मोजतो, पडद्यावरचा नव्हे. दृश्य हास्यास्पद आहे. तरी त्याला बोल लावायला मी तयार नाही. स्वस्तातला पडदा, खिडकीतले ऊन, आणि कुणाकुणाच्या डोळ्यांचे दुखणे यांचा विचार न करता कलेच्या नावाने काळोख लादणे हाही एक उर्मटपणाच. २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अधू दृष्टीच्या खेळाडूंसाठी अशी सोय आहे की परिसर फिका राखाडी होतो आणि माणसे ठळक रंगांत उठून दिसतात. ही सोय घेणाऱ्याने खेळ खेळलाच नाही असे कोण म्हणेल?

हे ताडून पाहावे म्हणून मी एकदा 'थीफ'चा ब्राइटनेस पुरता वाढवला आणि बॅफर्डच्या वाड्यात शिरलो. जिन्याखालचा कोनाडा चक्क दिसत होता, त्यातल्या विटा मोजता आल्या असत्या. मणी मात्र विझलेलाच होता. पहारेकरी शीळ घालत आला. अंधारातही तो अंगावर आदळला असता तर सारे संपले असते. तो हातभर अंतरावरून पुढे जाईपर्यंत मी माउसवरचे बोट उचलले नाही.