बूथ गेले, त्यामागची माणसं कुठे गेली?

पिवळ्या पाटीवरची 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' ही अक्षरं ज्यांना आठवतात, त्यांना बूथमधला माणूसही आठवत असेल. भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, समोर लाल आकड्यांचं मीटर, हाताशी सुट्ट्या पैशांचा डबा. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची. सार्वजनिक टेलिफोनचे परवाने देताना दिव्यांगांना प्राधान्य होतं. त्यामुळे एसटी स्टँडांजवळ आणि रेल्वे स्थानकांवर अनेकांचे संसार या बूथवर उभे राहिले. 2003 मध्ये मोबाइलवरचं इनकमिंग मोफत झालं, कॉलचे दर कोसळले. पुढच्या काही वर्षांत आधी रांग गेली, मग बूथ. कुणी झेरॉक्सचं मशीन घातलं, कुणी रिचार्ज विकायला लागलं, बरेच जण घरी बसले.

मोबाइल आला हे चांगलंच झालं. पण ज्यांची भाकरी त्या परवान्यावर होती, त्यांना पुढचं काम मिळवून देणं ही शासनाची जबाबदारी होती आणि ती नीट पार पडली नाही.

हे त्याआधीही घडलं होतं. खुर्च्यांना वेत विणणं हा अंध कारागिरांचा जुना उद्योग. चौकटीच्या भोकांतून आधी उभा वेत ओवायचा, मग आडवा, मग तिरका. ताण बरोबर आहे की नाही हे बोटांनाच कळतं. घराघरांत आणि कचेऱ्यांत प्लास्टिकची खुर्ची आली आणि हे काम आटलं. तसंच टेलिफोन ऑपरेटरचं. बँकांत आणि सरकारी कार्यालयांत स्विचबोर्डवर बसणारे अंध ऑपरेटर शेकडो नंबर तोंडपाठ ठेवत, आवाजावरून माणूस ओळखत. थेट डायल करायची सोय झाली तशी त्या पदाची गरजच संपत गेली.

नव्या तंत्राने काही दारं उघडली, हेही खरं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर 2006 पासून मोफत मिळतं. त्याच्या आधाराने अंध कर्मचारी बँकेत कर्जाची प्रकरणं हाताळतात. मुंबईत 2009 मध्ये ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केली आणि टपाल पोहोचवण्याचं काम कर्णबधिर मुलामुलींच्या हाती दिलं. पत्ता वाचायचा, पाकीट द्यायचं, सही घ्यायची; ऐकू येण्यावाचून यातलं काही अडत नाही. कामाची अशी बारकाईने फोड करणारे मालक मात्र फार थोडे.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग होते, त्यातले सुमारे 29 लाख 60 हजार महाराष्ट्रात. देशभरातल्या दिव्यांगांपैकी काम करणारे जेमतेम 36 टक्के. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखल्या, 2016 च्या कायद्याने त्या 4 टक्के झाल्या. पण हे टक्के मोजायचे ते सरकारी आस्थापनेतल्या मंजूर पदांवर. शिपाई, सफाई, पहारा, डेटा एंट्री ही कामं एजन्सीकडे गेली की पदच उरत नाही. मग आरक्षण लावायचं कशाला? खासगी कंपन्यांवर तर सक्तीच नाही. पाच टक्के दिव्यांग कामावर घेणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावं एवढंच कायदा सांगतो, तेही सरकारला परवडेल तितकं.

आता काम मिळतं तेही मोबाइलवरून. अर्ज, मुलाखत, हजेरी, पगार, सगळं अ‍ॅपवर. त्यातल्या एखाद्या बटणाला नाव दिलेलं नसेल तर पडदा वाचणारं सॉफ्टवेअर तिथे नुसतं 'बटण' म्हणतं आणि अंध उमेदवाराचा अर्ज तिथेच अडकतो. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीसारख्या प्रक्रिया दिव्यांगांना जमतील अशा करायला सांगितलं. नोकरीच्या अ‍ॅपना हाच नियम लागला पाहिजे.

महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं उभारलं. या खात्याने पुढाकार घेऊन एक गोष्ट तातडीने करून घ्यावी: सरकारी कामाचं कंत्राट ज्या एजन्सीला मिळेल, तिच्या करारातच चार टक्के दिव्यांग कर्मचाऱ्यांची अट घालावी आणि ती पाळली जाते की नाही, याचे आकडे दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावेत.