खरेदीखत की भाडेपट्टा?

मराठीच्या अध्यापकांनी व्हिडिओ गेमच्या किमतींविषयी लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. गेम खेळण्यात आम्ही तरबेज नाही आणि अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हा विषय आमच्या अंगणातला आहे, असे आमचे मत आहे. प्रत म्हणजे काय, ती विकत घेणाऱ्याचा तिच्यावर कोणता हक्क असतो, आणि एका हातातून दुसऱ्या हातात ती कशी जाते, हे प्रश्न मूळचे ग्रंथव्यवहारातले. ते शतकापूर्वीच निकालात निघाले, असे आपण समजत होतो. गेमच्या बाजारात ते नव्याने उभे राहिले आहेत. तिथे त्यांचे जे उत्तर रूढ होईल, ते उद्या पुस्तकांच्याही वाट्याला येणार आहे.

वादाचे स्वरूप थोडक्यात असे. एकच गेम दोन रूपांत मिळतो. दुकानात प्लास्टिकच्या डबीत डिस्क किंवा कार्ड मिळते. नाहीतर आंतरजालावरून तो थेट यंत्रात उतरवून घेता येतो. दोहोंची किंमत सारखी असावी की वेगळी? २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा गेम बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत दोन्ही रूपांची किंमत ७९.९९ डॉलर अशी एकच होती. युरोपात मात्र डाउनलोडला ७९.९९ युरो आणि डबीला ८९.९९ युरो पडत होते. जपानमध्ये हेच आकडे ८,९८० येन आणि ९,९८० येन असे होते. गेम तोच, कंपनी तीच, महिनाही तोच. तेव्हा किंमत उत्पादनखर्चातून आपोआप ठरते, हे म्हणणे इथेच लटके पडते. ती बाजार पाहून ठरवली जाते.

यावर ग्राहकांचा नेहमीचा युक्तिवाद असा की, डाउनलोडमध्ये डिस्क नाही, डबी नाही, वाहतूक नाही, दुकानदाराचे कमिशन नाही. मग तो स्वस्तच हवा. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, परंतु दुबळा आहे. आपल्याकडे प्रकाशक फर्म्यांच्या हिशेबाने पुस्तकाची किंमत काढतात, आणि त्यामुळे चाळीस पानांचा उत्तम कवितासंग्रह चारशे पानांच्या सुमार कादंबरीपुढे स्वस्त दिसतो, याची खंत आपणच करत असतो. कागदाच्या वजनावर साहित्याचे मोल ठरत नाही, असे वर्गात सांगणाऱ्यांनी प्लास्टिकच्या वजनावर गेमचे मोल ठरवू नये. शिवाय डबी गेली तरी मध्यस्थ गेलेला नाही. 'स्टीम' या संगणकीय गेमच्या सर्वांत मोठ्या दुकानाचे कमिशन दीर्घकाळ सरसकट तीस टक्के होते; २०१८ च्या अखेरीस केवळ मोठ्या विक्रीसाठी ते पंचवीस आणि वीस टक्क्यांवर आले. त्याच सुमारास 'एपिक'ने बारा टक्क्यांवर आपले दुकान थाटले. बारा टक्क्यांतही दुकान चालवण्याची तयारी असलेला कोणी निघतो, यावरून तिसाच्या आकड्यात खर्चाखेरीज आणखी काय होते, याची कल्पना यावी.

तेव्हा 'डबी नाही म्हणून स्वस्त' हा मुद्दा आम्ही बाजूला ठेवतो. खरा प्रश्न निराळा आहे. डबी घेणाऱ्याला जे मिळते, ते डाउनलोड करणाऱ्याला मिळते काय?

इथे एका विस्मृतीत गेलेल्या कादंबरीची आठवण करणे आवश्यक आहे. १९०४ मध्ये अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली. प्रतीवरच सूचना छापली होती: किरकोळ विक्रीची किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीला विकण्याचा परवाना कोणत्याही विक्रेत्याला नाही, तसे कोणी केल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या 'मेसीज' या दुकानाने ती कादंबरी ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, स्वामित्वहक्काचा कायदा प्रकाशकाला प्रती काढून विकण्याचा हक्क देतो; विकलेल्या प्रतीच्या पुढच्या किमतीवर हुकमत गाजवण्याचा हक्क देत नाही. पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. अमेरिकेतील जुन्या पुस्तकांचा सगळा बाजार या तत्त्वावर उभा आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यातही ग्रंथाच्या ज्या प्रती एकदा वितरणात आल्या, त्या हक्कधारकाच्या या अधिकाराबाहेर ठेवलेल्या आहेत.

त्या सूचनेतला 'परवाना' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. १९०८ मध्ये दारातून हाकलून दिलेला हा शब्द आज खिडकीतून आत आला आहे. डाउनलोड केलेला गेम ग्राहकाला विकलेला नसतो. तो वापरण्याचा परवाना त्याला दिलेला असतो, तोही त्याच्या एकट्याच्या खात्यापुरता. त्यामुळे तो दुसऱ्याला विकता येत नाही, उसना देता येत नाही, ग्रंथालयाला भेट देता येत नाही. म्हणजे दोन प्रतींतला फरक केवळ वेष्टनाचा नसून हक्काचा आहे. हक्क कमी असेल तर किंमतही कमी हवी, हा आमचा मुख्य मुद्दा आहे. शेतजमिनीचे खरेदीखत आणि भाडेपट्टा यांचा दर एकच लावला, तर तलाठ्यालासुद्धा संशय येईल.

या हक्काला रुपयांतही मोल आहे. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्क न चालणाऱ्याची ३९,९९० रुपये होती. दहा हजार वाचले म्हणून दुसरे घेणाऱ्याने जुन्या डिस्कांचा बाजार स्वतःला कायमचा बंद करून घेतला. समजा, पाच हजारांची डिस्क खेळून झाल्यावर अडीच हजारांना विकता आली, तर चार गेममध्येच त्या दहा हजारांचा हिशेब फिटतो. पाचव्या गेमपासून स्वस्त यंत्र महाग पडू लागते.

दुसरा फरक स्पर्धेचा. डबी पाच दुकानांत असते, म्हणून सहा महिन्यांत तिची किंमत उतरते. कोणाला जागा मोकळी करायची असते, कोणाला शेजाऱ्यावर मात करायची असते. यंत्रातले डाउनलोडचे दुकान मात्र एकच, आणि ते यंत्र बनवणाऱ्याच्याच मालकीचे. पूर्वी प्लेस्टेशनच्या पूर्ण गेमचे डाउनलोड-संकेतांक इतर विक्रेत्यांकडेही मिळत असत. एप्रिल २०१९ पासून सोनीने तेही थांबवले. कागद, प्लास्टिक आणि मालमोटार यांचा खर्च वाचूनही डाउनलोड कित्येकदा डबीपेक्षा महाग का राहतो, याचे उत्तर इथे आहे.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगणकावरील गेमच्या जगात दुकाने अनेक असल्यामुळे तिथे मोठ्या सवलती मिळतात. स्टीमने २०१५ च्या नोव्हेंबरात भारतासाठी रुपयांत किमती लावल्या, त्याचा लाभ इथल्या विद्यार्थ्यांना झाला. छोट्या निर्मात्यांना तर डाउनलोड हे वरदानच ठरले. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर पोहोचला, तो डाउनलोडच्या दुकानांमधूनच. डबीचा, साठ्याचा आणि परदेशी वितरकाचा भार अशा संस्थेने कसा पेलला असता? तेव्हा डाउनलोड वाईट आणि डबी चांगली, अशी सोपी विभागणी आम्ही करत नाही. 'राजी'सारख्या गेमसाठी ग्राहकाने पूर्ण किंमत आनंदाने मोजावी. पण कशाची किंमत मोजतो आहोत, हे त्याला ठाऊक हवे.

न्यायालयांनी हा प्रश्न सोडवला आहे असेही नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये 'यूज्डसॉफ्ट' प्रकरणात म्हटले की, कायमच्या परवान्याने उतरवून घेतलेली संगणकप्रणाली पुन्हा विकता येते. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये 'टॉम कॅबिनेट' प्रकरणात ई-पुस्तकाला मात्र ही मुभा नाकारली. गेम म्हणजे संगणकप्रणाली की कलाकृती? २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरील गेम पुन्हा विकण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला. २०२२ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण गेममध्ये संहिता, चित्रे आणि संगीत असते, तो केवळ आज्ञावलींचा संच नव्हे. गेमला कलाकृतीचा मान मिळाला, आणि नेमका त्याच मानापायी ग्राहकाचा हक्क गेला. साहित्याच्या अभ्यासकांनी या विरोधाभासावर जरूर विचार करावा.

डबी म्हणजे निर्धोक मालकी, असेही आता राहिलेले नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गेम कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. २०२४ च्या मार्चअखेरीस सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याकडे निव्वळ चकती उरली. २०२५ मध्ये निन्टेन्डोने काही गेमसाठी आणलेल्या कार्डात तर गेमच नसतो, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. असे कार्ड दुसऱ्याला विकता येते, पण त्याचे आयुष्य दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहते. मुखपृष्ठ व्यवस्थित, बांधणी पक्की, आणि आत पाने नाहीत. पाने प्रकाशकाच्या घरी जाऊन वाचायची! असे पुस्तक आपण विकत घेतले असते काय?

आणि दुकानच मिटले तर? निन्टेन्डोने आपल्या ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या डाउनलोडच्या दुकानांतली विक्री २०२३ च्या मार्चमध्ये बंद केली. केवळ तिथेच मिळणारे गेम त्या दिवसापासून नव्या खेळाडूला रीतसर मिळेनासे झाले. डबीतले मात्र अजून हातोहात फिरतात. त्याच वर्षी 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या पाहणीत आढळले की, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. जुन्या मराठी मासिकांचे अंक शोधत रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. त्यांना निदान रद्दी तरी होती. परवान्याची रद्दी होत नाही.

आमच्या अपेक्षा तीनच आहेत, आणि त्या अवाजवी नसाव्यात. पहिली, जिथे पुन्हा विकण्याचा आणि उसने देण्याचा हक्क नाही, तिथे किंमत डबीपेक्षा उघडपणे कमी असावी; २०२५ मध्ये युरोप-जपानमध्ये जे जमले ते इतरत्र अशक्य नाही. दुसरी, परवान्याला परवाना म्हणावे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये तसा कायदा केला आणि २०२५ च्या आरंभापासून तो लागू झाला: ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्दप्रयोग दुकानाने करू नये. शब्दांच्या अचूकतेसाठी कायदा व्हावा, हे भाषेच्या शिक्षकांना सुखावणारेच आहे. तिसरी, गेम कायमचा बंद करताना तो विकत घेणाऱ्याला आपल्या यंत्रावर चालवता येईल अशी काही तजवीज निर्मात्याने ठेवावी.

हे सारे गेमपुरते आहे असे कोणी समजू नये. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा छापील पुस्तके करमुक्त राहिली, ई-पुस्तकांवर मात्र अठरा टक्के कर बसला. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता तो २०१८ च्या जुलैत पाच टक्क्यांवर आला. करखात्याच्या लेखी छापील पुस्तक ही वस्तू आणि ई-पुस्तक ही सेवा. म्हणजे आपण जे 'घेतले' ते घेतलेलेच नाही, हे सरकारदप्तरी नोंदलेले आहे. फक्त विक्रेत्याच्या पानावर 'खरेदी' हा शब्द तसाच आहे.

आमच्या पिढीतल्या अनेकांचे वाचन मुंबईत फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांवर पोसले गेले. नवी प्रत घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी कोणाच्या तरी नावाची सही असलेली प्रत पाव किमतीत घेई आणि परीक्षा झाली की पुढच्याला देई. लेखकाला त्यातून दमडी मिळत नसे, पण वाचक मिळे. अल्प किमतीत मिळालेला हा वाचक पुढे कमावता झाल्यावर नव्या प्रती घेतो, वर्गात त्या लेखकावर बोलतो, ग्रंथालयाला यादी देतो. दुसऱ्या हाताला मज्जाव करणारी किंमत या साखळीची पहिली कडीच काढून टाकते. गेमच्या बाजारात ती निघाली आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातातली क्रमिक पुस्तकेही हळूहळू पडद्यावर सरकू लागली आहेत. त्यांच्या किमती आणि अटी ठरत असतानाच हे बोलणे भाग आहे.